आरोग्यसाक्षरता : आधी आधार देणाऱ्यांची

चौथा महिना उलटूनही मूल मान धरत नाही, नऊ महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, ही बाब घरच्यांनंतर प्रथम लक्षात येते ती अंगणवाडी सेविका किंवा ‘आशा’ कार्यकर्तीच्या. आरोग्यविषयक माहिती मिळविणे, समजून घेणे, पारखणे व उपयोगात आणणे म्हणजे आरोग्यसाक्षरता. तिची अपेक्षा सहसा पालकांकडून केली जाते. वास्तविक ती आधार देणाऱ्यांकडे आधी हवी.

मुंबई-आग्रा महामार्गावरील ओझर (ता. निफाड) हे ‘मिग’ विमानांच्या कारखान्यामुळे ओळखले जाणारे गाव. नाशिक येथून सुमारे वीस किलोमीटर. तरीही ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘होईल हळूहळू’ अशा दिलाशापायी तिथवर पोहोचण्यास वर्ष-दोन वर्षे जाऊ शकतात. मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होते ती याच काळात.

यंत्रणा कोणती?
फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतःची व्यंगे, पोषणद्रव्यांची कमतरता, बालपणीचे आजार व विकासातील विलंब यांची तपासणी होते. आरोग्य पथकाने अंगणवाडीस वर्षातून दोनदा भेट द्यावी आणि गरजू बालकास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी रचना आहे. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानणारा कायदा २०१६ चा. दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली.

कसे सांगावे?
‘सेरेब्रल पाल्सी’ एवढे सांगून थांबू नये. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागास इजा झाली आहे. ती वाढत जात नाही, पूर्ण भरूनही येत नाही. मात्र नियमित उपचारांनी मूल अधिक स्वावलंबी होऊ शकते, हे कुटुंबाच्या भाषेत सांगावे. ‘ग्रहण पाळले नाही म्हणून ओठ दुभंगला’ असा दोष आईवर येत असेल, तर तो निराधार असल्याचे घरातील वडीलधाऱ्यांसमोर स्पष्ट करावे.

‘समजले ना?’ या प्रश्नाला बहुधा होकारच मिळतो. त्याऐवजी ‘घरी आजींना हे कसे सांगाल?’ असे विचारावे. उत्तरात जे निसटले, ते पुन्हा समजवावे. एका भेटीत दोन-तीनच मुद्दे घ्यावेत. कोठे, कधी, कोणती कागदपत्रे घेऊन जायचे, हे लिहून द्यावे. ठाऊक नसेल तेथे ‘विचारून सांगते’ म्हणण्यात कमीपणा नाही. खोटा दिलासा मात्र मुलाला महाग पडतो.