एक जून आणि एक जानेवारी

तालुक्याच्या पुरवठा शाखेत माझी सगळी नोकरी झाली. तोरणमाळ, झापी, फलाई, खडकी, सिंदीदिगर ही गावं माझ्या टेबलाची. या पट्ट्यातल्या कागदांचा गठ्ठा सोडला की जन्मतारखांत दोनच दिवस जास्त दिसतात: १ जून आणि १ जानेवारी.

१ जून ही गुरुजींची देणगी. बाळंतपण घरी, नोंद कुठंच नाही. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की ते सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून तारीख १ जून. १ जानेवारी मात्र संगणकाची, आणि तिच्यामागं इंजिनिअर आणि सरकारी खाती यांच्यातली ओढाताण आहे.

२९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, रंजना सोनवणे यांना देशातलं पहिलं आधार मिळालं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी समक्ष आले होते. आधारचं प्राधिकरण २००९ चं, पहिले अध्यक्ष इन्फोसिसचे नंदन नीलेकणी. मुख्यालय दिल्लीत, तंत्रज्ञान केंद्र बंगळूरूत. साहेबलोक एका गावी, प्रोग्रामर दुसऱ्या.

इंजिनिअरांचा हट्ट एकच: रकाने कमी ठेवा. नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, बस. जात नको, धर्म नको, उत्पन्न नको. प्रत्येक खात्याला मात्र आपला रकाना हवा होता. पुरवठ्याला शिधापत्रिका क्रमांक, रोजगार हमीला जॉबकार्ड. डिसेंबर २००९ मध्ये एन. विठ्ठल समितीनं मोजकेच रकाने ठरवले आणि खात्यांच्या समाधानासाठी ‘केवायआर प्लस’ नावाची पुरवणी निघाली. गृहखात्याचा वाद याहून मोठा. त्यांची लोकसंख्या नोंदवही वेगळी. घरोघर पडताळणी झाल्याशिवाय नोंद खरी कशी मानायची, हा त्यांचा सवाल. जानेवारी २०१२ मध्ये मंत्रिमंडळानं राज्यं वाटून देऊन तो मिटवला.

इंजिनिअरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रकाने वाढले असते तर सिंदीदिगरच्या माणसानं कागद कुठून आणले असते? ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्यासाठी ओळख पटवणाऱ्या परिचयदात्याची सोय होती, आणि तिच्यावर डोंगरातली माणसं नोंदली गेली. पण गृहखात्याची शंकाही वावगी नव्हती. फक्त वय सांगणाऱ्याचं नुसतं वर्ष नोंदलं गेलं. पुढं पूर्ण तारीख लागली तिथं १ जानेवारी बसली. बाहेरून आलेल्या ऑपरेटरला पैसे नोंदीमागे. इथली पावरी बोली त्याला येत नव्हती, मशीन इंग्रजीवरून मराठी नाव स्वतःच करायचं, आणि आडनाव पावराचं पवार व्हायचं.

फलाईचे दोन भाऊ माझ्यासमोर उभे राहिले होते. धाकटा शाळेत गेलेला: १ जून १९८६. थोरल्यानं शाळा पाहिली नाही: १ जानेवारी १९८८. कागदावर धाकटा दीड वर्षानं मोठा! मी विचारलं, “खरा थोरला कोण?” थोरला म्हणाला, “साहेब, मी याला पाठीवर घेऊन हिंडलोय.” या पुराव्याला सॉफ्टवेअरमध्ये रकाना नव्हता आणि आमच्या नियमातही नव्हता. आम्ही म्हणायचो आधार केंद्रावर जा, केंद्रवाला म्हणायचा तहसिलीतून दाखला आणा.

पुढं रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हाही तेच. बनवणाऱ्यानं नेटवर्क गृहीत धरलं, खात्यानं धान्यवाटपाची टक्केवारी मागितली. मधे दुकानदार रेंज शोधत टेकडी चढायचा, मागून कार्डधारकांची रांग. निंदणी-लाकूडफाट्यानं घासलेला अंगठा उमटला नाही तर पुन्हा फेरी.

दिल्ली-बंगळूरूतली भांडणं तडजोडीनं सुटली. दोन्हीकडच्या माणसांना बोलायला बैठक होती, इतिवृत्त होतं. तिथं जे सुटलं नाही ते खाली घरंगळत काउंटरवर आलं. आता आधारमधली जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त होते. म्हणून मी निवृत्त झाल्यावरही विचारायला येणाऱ्याला सांगतो: आधी शाळेचा दाखला काढ, नसेल तर भावाबहिणींचे कागद एकत्र ठेवून क्रम लाव, आणि मगच केंद्रावर जा.