यकृत दुखत नाही, मग बिघाड वेळीच कसा ओळखायचा?

सोनोग्राफी केलेली असते मूतखड्यासाठी. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ असते: ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’. ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ असं कुणीतरी म्हणतं आणि फाइल कपाटात जाते. यकृताच्या आजाराची खरी पहिली सूचना अनेकदा हीच असते. डोळे पिवळे होणं, पोटात पाणी साठणं ही लक्षणं हळूहळू वाढणाऱ्या आजारात बरीच उशिरा दिसतात.

असं का होतं? यकृताचा बराच भाग खराब झाला तरी उरलेल्या पेशी काम रेटून नेतात. शिवाय यकृताच्या आत वेदना जाणवत नाहीत. बाहेरचं आवरण ताणलं गेलं, तरच उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो किंवा दुखतं. सुरुवातीला फार तर थकवा, मंदावलेली भूक, मळमळ. यावरून कुणालाच यकृत आठवत नाही, आणि त्यात रुग्णाची चूकही नाही.

कावीळ आधी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसते. ती दिवसाउजेडी बघावी, ट्यूबलाइटखाली फसगत होते. रक्तातलं बिलिरुबिन साधारण १ पर्यंत असायला हवं; ते अडीच-तीनच्या पुढे गेलं की पिवळेपणा डोळ्यांना जाणवतो. भरपूर पाणी पिऊनही लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल, तर तपासणी हवीच. त्यासोबत शौचाचा रंग पांढुरका झाला आणि अंगाला खाज सुटली, तर पित्तनलिकेत अडथळा असू शकतो. (तळहात पिवळे पण डोळे पांढरेशुभ्र असतील, तर कदाचित गाजरं किंवा पपई जास्त झाली असेल.)

महाराष्ट्रात कावीळ ‘उतरवायला’ नेण्याची पद्धत अजूनही आहे. गळ्यात माळ घालतात, हातावर डाग देतात, नाकात थेंब टाकतात. माळ लांबत गेली की कावीळ उतरली, असं मानतात. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय माळेला मिळतं. पण कारण हिपॅटायटिस बी असेल, पित्तनलिकेत खडा किंवा गाठ असेल, तर हेच दिवस महागात पडतात. गरोदरपणातली कावीळ तर एक दिवसही घरी ठेवू नये.

‘नैसर्गिक आहे’ म्हणून एखादं औषध यकृताला निर्धोक ठरत नाही. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने मात्र तो निष्कर्ष मान्य केला नाही. पॅरासिटामॉलही ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेतलं तर यकृत निकामी करू शकतं.

पायांना सूज, पोट फुगत जाणं, सहज काळेनिळे डाग पडणं ही पुढच्या टप्प्याची लक्षणं. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, असंबद्ध बोलणं, किंवा कावीळ असताना दिवसा झोप आणि रात्री जाग असं चक्र उलटणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठावं.

मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर, नियमित दारू किंवा घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल, तर लक्षणांची वाट न बघता तपासणी करून घ्यावी. फक्त ‘एलएफटी’ नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नये. फॅटी लिव्हरमध्ये ती अनेकदा नॉर्मलच असते. वय, प्लेटलेट आणि एलएफटीमधले दोन आकडे (एएसटी, एएलटी) यांवरून डॉक्टर ‘फिब-४’ काढतात. ६५ वर्षांखालील व्यक्तीचा हा आकडा १.३ पेक्षा जास्त आला, तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी सुचवली जाते.

हिपॅटायटिस बी आणि सी रक्ततपासणीत कळतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. ‘सी’ तर बहुतेकांमध्ये साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. फॅटी लिव्हरमध्ये ८० किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो वजन हळूहळू उतरवलं, तरी यकृतातली चरबी आणि सूज कमी होऊ शकते.