उपाध्यक्षांचे आसन

राज्याच्या इतिहासात मुख्यमंत्र्यांची नावे ठळकपणे नोंदली जातात. विधानसभेच्या उपाध्यक्षांचे नाव मात्र बहुधा कामकाजाच्या बाडांतच मिटून राहते. वस्तुतः हे पद स्वीकारणाऱ्या व्यक्तीला एक कठीण व्रत पत्करावे लागते. सभागृहाने निवडलेला हा सभासद कोणत्या तरी पक्षाच्या चिन्हावरच निवडून आलेला असतो. परंतु अध्यक्षांच्या अनुपस्थितीत तो त्या आसनावर बसला, की त्याला वादात पडता येत नाही आणि मते समसमान झाल्यावाचून मतही देता येत नाही. खाली आपल्या बाकावर आला, की तो पुन्हा इतरांसारखा बोलू शकतो. एकाच माणसाने अशा दोन भूमिका निर्लेपपणे वठवाव्यात, ही अपेक्षा सामान्य नव्हे.

घटनाकारांनी या पदाला स्वतंत्र आधारही दिला. उपाध्यक्ष आपला राजीनामा मुख्यमंत्र्यांना किंवा राज्यपालांना देत नाहीत, अध्यक्षांना देतात. आणि अध्यक्ष आपला राजीनामा उपाध्यक्षांच्या हाती ठेवतात. अध्यक्षांना दूर करण्याचा ठराव विचारार्थ असेल, तेव्हा अध्यक्षांना त्या बैठकीचे नियंत्रण करता येत नाही. अध्यक्षपद रिकामे झाले, तर उपाध्यक्ष तो भार उचलतात. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर 1956 च्या फेब्रुवारीत निवर्तले, तेव्हा उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांच्यावर ती जबाबदारी आली, आणि पुढे तेच अध्यक्ष झाले.

स्त्रियांनी हे आसन स्वराज्यापूर्वीच भूषविले होते. मद्रासच्या विधिमंडळाने 1927 साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांना उपाध्यक्ष निवडले. 1930 मध्ये गांधीजींना अटक होताच त्यांनी पदत्याग केला. पद स्वीकारताना ते सोडण्याची सिद्धताही मनाशी असावी लागते, हे त्या त्यागाने दाखविले.

1962 साली चंडीगढच्या पंजाब विधानसभेत उपाध्यक्षपद शन्नो देवी यांच्याकडे आले. मूळच्या त्या मुलतानच्या. फाळणीने त्यांचे गाव सीमेपलीकडे गेले. त्यांनी पद स्वीकारले तो काळही सोपा नव्हता. 154 सभासदांच्या त्या सभागृहात हिंदी व पंजाबी भाषांचा वाद धुमसत होता. आदल्याच वर्षी पंजाबी सुभ्यासाठी मास्टर तारासिंगांनी दीर्घ उपोषण केले होते. भाषेच्या प्रश्नाने माणसे किती पेटतात, हे संयुक्त महाराष्ट्राचा लढा पाहिलेल्या मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. ज्या सभागृहातील सभासदांना आपण एकाच राज्याचे आहोत की नाही याचीच खात्री नाही, तेथे प्रत्येकाला बोलण्याची संधी न्यायाने देणे, हे त्या आसनाचे खरे काम होते.

अखेर 1 नोव्हेंबर 1966 रोजी पंजाबचे विभाजन झाले. हरियाणाच्या वाट्याला 54 आमदार आले, आणि 6 डिसेंबरला शन्नो देवी त्या नव्या विधानसभेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. भारतातील कोणत्याही राज्याच्या विधानसभेचे अध्यक्षपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. ल कार्बुझिए यांनी रचलेल्या एकाच विधानभवनात दोन्ही राज्यांच्या सभा वेगवेगळ्या दालनांत भरू लागल्या.

त्यांची कारकीर्द अवघ्या काही महिन्यांची ठरली. 17 मार्च 1967 रोजी निवडणुकीनंतरच्या नव्या सभागृहाने राव बिरेंद्रसिंग यांना अध्यक्ष निवडले, आणि आठवडाभरातच तेच अध्यक्ष पक्षांतराच्या लाटेवर मुख्यमंत्री झाले. निःपक्षपातीपणाचे आसन सत्तेची पायरी ठरू शकते, हे त्या आठवड्याने देशाला दाखविले. राज्यघटना या पदाचे अधिकार सांगू शकते. त्यासाठी लागणारा संयम मात्र पद स्वीकारणाऱ्याने स्वतःच आणावयाचा असतो. सभागृहाची प्रतिष्ठा अखेर त्यावरच उभी राहते.