खऱ्या उपग्रहांआधी आले नकली उपग्रह!

मॅपवरचा तो निळा ठिपका आहे ना, त्याच्यावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. आज ऐकूया त्याला फसवणाऱ्या नकली उपग्रहांची गोष्ट. गंमत म्हणजे, हे नकली उपग्रह खऱ्यांच्या आधी आले.

१९७७ साल. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधलं युमाचं वाळवंट. जीपीएसचा पहिला उपग्रह उडाला फेब्रुवारी १९७८ मध्ये. मग त्याआधी रिसीव्हर तपासायचा कसा? इंजिनिअरांनी चार ट्रान्समीटर चक्क जमिनीवर ठेवले, उपग्रहासारखे सिग्नल सोडले आणि वरून विमान उडवलं. आकाश खाली, विमान वर!

चारच का? तीन जागा शोधायला आणि चौथा रिसीव्हरच्या घड्याळातली चूक काढायला. सगळा खेळ वेळेचा. सिग्नल यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर! म्हणजे प्रत्येक उपग्रहाचा उशीर नीट मोजून तसा सिग्नल बनवला, की कुठलीही जागा 'दाखवता' येते. हे शेवटी गणितच. कंपन्या आपले रिसीव्हर असेच तपासतात, लॅबमध्ये, केबल जोडून.

२०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाचे टॉड हम्फ्रीज आणि त्यांचे विद्यार्थी भूमध्य समुद्रात एका ६५ मीटर लांब यॉटवर चढले. मालकाची परवानगी होती, बरं का. ब्रीफकेसएवढ्या यंत्रातून त्यांनी नकली सिग्नल हळूहळू वाढवला. अलार्म वाजलाच नाही. स्क्रीनवर बोट भरकटलेली दिसली, म्हणून खलाशांनी स्वतःच ती 'सरळ' केली, आणि तिथेच ती खरी भरकटली.

दोन वर्षांनी जीपीएस-एसडीआर-सिम हे फुकटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आलं. उपग्रहांच्या कक्षांची माहिती तर इंटरनेटवर रोज मिळतेच. ती फाइल घ्या, जागा सांगा, सिग्नल तयार! २०१६ मध्ये काहींनी याच वाटेने घरबसल्या पोकेमॉन गो खेळून दाखवला. (असा सिग्नल हवेत सोडणं बेकायदा आहे. आजूबाजूच्यांचे फोनही चुकतात.)

फोन फसतो कारण जवळपास २०,२०० किलोमीटरवरून येणारा खरा सिग्नल अगदी क्षीण असतो, आणि त्याची रचना जगजाहीर. युरोपच्या गॅलिलिओने आता सिग्नलवर डिजिटल सही द्यायला सुरुवात केलीय. जीपीएसचा जुना नागरी सिग्नल मात्र अजून सहीशिवायच येतो.