टॅबला की-बोर्ड लावला की लॅपटॉप होतो का?

परवा आमगावहून भाऊजींचा फोन आला. धान विकून झालंय, हातात तीसेक हजार मोकळे आहेत, आणि प्रश्न असा की भाचीला लॅपटॉप घ्यावा की तो "की-बोर्ड लागणारा टॅब" घ्यावा. गोंदियातला दुकानदार म्हणतोय टॅबच घ्या, दोन्ही कामं होतात. "तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हीच सांगा आता."

ऑफिसात कुणी विचारलं असतं तर दहा मिनिटं प्रोसेसर आणि रॅमवर बडबड करून मोकळा झालो असतो. पण हे पैसे धानाचे होते. चुकीची वस्तू आली तर पुढच्या हंगामापर्यंत बदलता येणार नाही. म्हणून म्हटलं, "रविवारी सांगतो", आणि जरा इतिहासात शिरलो.

पहिली गंमत म्हणजे दुकानदाराचं हे वाक्य चांगलं वीस-पंचवीस वर्षांचं जुनं आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्सनी सांगून टाकलं होतं की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा पीसी हा टॅबलेट असेल. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकचा टीसी-१००० आला. त्याचा की-बोर्ड चक्क काढून ठेवता यायचा. म्हणजे आज आपण ज्याला हायब्रिड म्हणतो ते यंत्र २००२ सालीच बाजारात होतं. पाच वर्षं उलटली, २००७ आलं, आणि लोक निवांतपणे लॅपटॉपच घेत होते.

आता तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं ते बघा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, म्हणजे २००१ मध्ये जिल्हा जेमतेम दोन वर्षांचा. त्याच २००१ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि एन्कोअर कंपनीतल्या मंडळींनी 'सिम्प्युटर' जगासमोर ठेवला. हातात मावणारा, स्पर्शानं चालणारा, किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायची असा बेत. त्यातली मला सगळ्यात आवडलेली कल्पना स्मार्टकार्डाची. यंत्र गावात एक, कार्ड मात्र ज्याचं त्याचं. आपलं कार्ड घालायचं, काम करायचं, कार्ड काढून घरी. घरोघरी कॉम्प्युटर येणार नाही हे गृहीत धरून केलेलं डिझाइन होतं ते. २००४ मध्ये सिम्प्युटर 'अमिडा' या नावानं विक्रीला आला, पण चालला नाही.

आणि त्याच २००१ सालात महाराष्ट्रात एमकेसीएल स्थापन झालं नि एमएस-सीआयटी सुरू झालं. हा कोर्स माहीत नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण! आजवर एक कोटीहून जास्त लोकांनी तो केला. आमच्या भागात कितीतरी जणांचा कॉम्प्युटरला पहिला हात लागला तो एमएस-सीआयटीच्या सेंटरवर. समोर डबा मॉनिटर, शेजारी माउस, बाहेर चपलांचा ढीग. एका पिढीची "कॉम्प्युटर" या शब्दाची व्याख्या तिथे ठरली. सर्टिफिकेट मिळालं की नोकरीच्या अर्जाला जोडायचं. घरी कॉम्प्युटर नाहीच. २०११ च्या जनगणनेत सबंध देशात कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असलेली घरं साडेनऊ टक्क्यांच्या आसपास निघाली.

म्हणजे बहुतेक घरांत "टॅब कॉम्प्युटरची जागा घेईल का" हा प्रश्न मुळात लागूच होत नव्हता. जागा घ्यायला कॉम्प्युटर होता कुठे?

तरी प्रयोग झाले, आणि मनापासून झाले. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावात एकशिक्षकी शाळा आहे. तिथे २००७ मध्ये 'ओएलपीसी'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, भारतातला त्यांचा पहिलाच प्रयोग. त्या लॅपटॉपचा पडदा फिरवून की-बोर्डावर पालथा घातला की त्याचं पुस्तक व्हायचं. हायब्रिडच म्हणायचं की! केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं मात्र २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. सरकारला आपलं स्वतःचं स्वस्त यंत्र हवं होतं. ते म्हणजे 'आकाश'. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बलांनी दिल्लीत ते सादर केलं. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, सरकारी खरेदी सुमारे सव्वादोन हजारांना. पडद्यावर बोट नुसतं टेकवून भागायचं नाही, दाबावं लागायचं. मग काम मुंबई आयआयटीकडे आलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाश-२ आला. तो बराच बरा होता. आयआयटीतल्या मंडळींनी त्यावर अँड्रॉइडच्या जोडीला लिनक्सही चालवून दाखवलं, म्हणजे बाहेरून की-बोर्ड जोडून त्याचा छोटा कॉम्प्युटर करता येईल. आणि गंमत बघा, पुढे त्याच आयआयटीतल्या 'फॉसी' गटानं काम हाती घेतलं ते स्वस्त लॅपटॉपचं. टॅबचं नाही.

मला या सगळ्यापेक्षा जास्त बोलकी वाटते ती २०११ ची सामाजिक-आर्थिक व जात जनगणना. ती कागदावर झाली नाही, भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेल्या टॅबवर झाली. पण दारात माणसं दोन यायची. एक प्रगणक, जो प्रश्न विचारायचा; दुसरा डेटा एंट्री ऑपरेटर, जो टॅबवर भरायचा. यंत्र हातात मावण्याइतकं लहान झालं, तरी भरणारा माणूस वेगळाच राहिला.

हा दुसरा माणूस अजूनही आहे. गोंदियातल्या कुठल्याही सेतू केंद्रावर किंवा ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात जाऊन बघा. प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे. त्यावर यूपीआय चालतं, व्हॉट्सअॅप चालतं. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीही शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून फोनवर करायची झाली. (रेंज मिळाली तर. नवेगावच्या जंगलपट्टीत ती मिळवणं हे स्वतंत्र काम आहे.) पण उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, धानविक्रीची नोंदणी, भरतीचा फॉर्म आला की फोन खिशात आणि माणूस रांगेत. काम काय असतं? सातबारा स्कॅन करायचा, फोटो ५० केबीच्या आत बसवायचा, तीन पीडीएफ जोडून एक करायची, नाव मराठीत बिनचूक टाइप करायचं, प्रिंट काढायची. हे टॅबवर होतच नाही असं नाही, मी करून बघितलंय. पण दोन अॅप, तीन जाहिराती आणि एक "फाइल सापडत नाही" एवढं पार केल्यावर होतं. काउंटरमागचा मुलगा ते माउसवर चार मिनिटांत करतो आणि पन्नास रुपये घेतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, पन्नास रुपये वाजवी आहेत. पण गावातल्या हुशार मुलांनाही आपला स्वतःचा अर्ज स्वतः भरता येऊ नये, हे मला बोचतं.

हायब्रिडची बाजूही मांडतो, नाहीतर मी जुनाट ठरेन :-) मायक्रोसॉफ्टचा पहिला सर्फेस आरटी २०१२ चा. त्यात जुनी विंडोज सॉफ्टवेअर चालायची नाहीत, आणि २०१३ मध्ये कंपनीला नव्वद कोटी डॉलर्सचं नुकसान लिहून टाकावं लागलं. पण २०१४ चा सर्फेस प्रो-३ खराखुरा कॉम्प्युटर होता. आमच्या ऑफिसात असली यंत्रं वापरणारे लोक आहेत आणि सुखी आहेत. फक्त ती तीस हजारांत येत नाहीत. तीस हजारांत टॅब येतो अँड्रॉइडचा, आणि सोबत इंग्रजी अक्षरांचा एक पातळ की-बोर्ड.

आता भाचीचं. तिच्याकडे एक टॅब आधीच आहे. 'महाज्योती' ही नागपूरची सरकारी संस्था जेईई-सीईटीची तयारी करणाऱ्या ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांना मोफत टॅब आणि रोजचा सहा जीबी डेटा देते, त्यातला. योजना चांगली आहे, आणि त्या टॅबवर पोरीनं दोन वर्षं व्हिडिओ बघून अभ्यास केला. पण २०१९ पासून जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या दोन्ही परीक्षा कॉम्प्युटरवर होतात. जेईईत तर आकडी उत्तरसुद्धा पडद्यावरच्या बटणांवर माउसनं टिचकी मारून भरायचं. फोन तिच्याकडे दिल्यावर ती म्हणाली, "मामाजी, अभ्यास टॅबवर केला अन् पेपर माउसवर. पहिली दहा मिनिटं तर बाण कुठे गेला हेच शोधत होती मी."

यंदा तिला टायपिंगचीही परीक्षा द्यायची आहे. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठीची मिनिटाला ३० किंवा इंग्रजीची ४० शब्दांची गती लागते. ती काचेवर बोटं फिरवून येत नाही.

रविवारी भाऊजींना सांगितलं: टॅब आहे तोच ठेवा, व्हिडिओसाठी उत्तम आहे. तीस हजारांत नवा हायब्रिड नको, चांगला सेकंड हँड लॅपटॉप घ्या, बॅटरी बदलून घ्या, आणि उरलेल्या पैशांत एक साधा प्रिंटर. भाऊजी थोडे नाराज झाले, कारण टॅब दिसायला झकास होता. पण घेतला.

काल ताईशी बोललो. म्हणे घरात कॉम्प्युटर आल्याचं गल्लीभर झालंय, आणि संध्याकाळी तीन बायका कागद घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. भाची त्यांचे फोटो ५० केबीच्या आत बसवत होती.