खिळे, दगड आणि ऑनलाईन उस्ताद

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, हे आमच्या गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ३० एप्रिल १८७० ला त्यांचा जन्म इथं झाला. पण सिनेमाच्या आधी ते छपाईच्या धंद्यात होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. राजा रविवर्मांच्या शिळाछापाशी त्यांचा संबंध आला, लोणावळ्यात त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, ब्लॉक बनवले, रंगीत छपाई केली. भागीदारांशी बिनसलं तेव्हा तो धंदा सोडला. मग पुस्तकं आणि परदेशी नियतकालिकं मागवून सिनेमाचं तंत्र शिकायला सुरुवात केली. १९१२ मध्ये लंडनला गेले, तेही थोड्या दिवसांसाठी. तोवर बरंचसं शिक्षण घरबसल्या, छापील मजकुरावरून झालेलं होतं. आजच्या भाषेत त्याला दूरस्थ शिक्षण म्हणायला हरकत नसावी.

फाळक्यांचा विषय निघाला तो अक्षरांमुळे. गेले काही महिने मी ऑनलाईन वर्गांतून टाईप डिझाईन शिकतो आहे. कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर आपण जी अक्षरं वाचतो, त्यांचे आकार आणि नियम घडवण्याची ही विद्या. मी उर्दू आणि मराठीचा शिक्षक. एकाच सरावपत्रिकेवर दोन्ही लिप्या आणायच्या तर मोठी पंचाईत होते. दोन्हींना सारखाच आकडा दिला तरी उर्दू बारीक दिसते, ओळी वरखाली होतात, मराठीची शिरोरेषा उर्दूच्या शेपटाला भिडते. शिवाय बऱ्याच ठिकाणी उर्दू नस्तालीकऐवजी नस्ख वळणात उमटते. नस्तालीक वाचून मोठी झालेली मुलं ते पाहून विचारतात, “सर, ये अरबी है क्या?” उर्दू माध्यमाच्या मुलाला स्वतःची भाषा परकी वाटावी, ही साधी गोष्ट नाही. त्यातूनच बरीच मुलं मेसेज रोमन अक्षरांत लिहू लागतात. मराठी मुलांचंही काही वेगळं नाही म्हणा.

पण या दोन लिप्या कायम अशा फटकून राहत नव्हत्या. आदिलशाहीच्या काळातले द्वैभाषिक कागद आजही दफ्तरखान्यांत आहेत. वर फारसी, खाली त्याच मजकुराची मोडी. एक उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, पण कागद एक, शाई एक आणि हत्यारही जवळपास एकच. फारसीनवीस त्याला कलम म्हणे, मराठी कारकून बोरू. बोरूला छेद कसा द्यायचा, कलमाचा ‘कत’ कोणत्या बाजूला तिरका ठेवायचा, यातच दोघांचा फरक. आमच्याकडे तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांच्या जुन्या वह्या आहेत. त्यांतली मोडी आणि फारसीचं शिकस्ता वळण शेजारी ठेवून पाहिलं, तर हात न उचलता भराभर लिहिण्याची घाई दोन्हींत सारखीच दिसते. दफ्तरातल्या माणसाला वेळ नसतो, तो कुठल्याही धर्माचा असो.

ही जोडी फोडली छापखान्याने.

सुटी अक्षरं शिशात ओतायची आणि खिळे जुळवून मजकूर छापायचा, ही पद्धत प्रत्येक लिपीला सारखी मानवत नाही. जिथं अक्षरं वेगवेगळी उभी राहतात तिथं ती सोपी. मोडी आणि नस्तालीक या दोन्ही वाहत्या लिप्या. एका अक्षराचा आकार शेजारच्या अक्षरावर अवलंबून, म्हणून खिळ्यांची संख्या वाढत जाते. मोडीचे खिळे पाडलेच गेले नाहीत असं नाही. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांच्या मिशनने ते पाडले आणि १८१० चा त्यांचा मराठी शब्दकोश मोडीत छापला. पण मुंबईत शाळांची पुस्तकं, कोश, वर्तमानपत्रं सुरू झाली ती बाळबोधीत. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश बाळबोध, १८३२ चं बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ही बाळबोध. मोडी हस्तलिखितांत आणि कचेऱ्यांत आणखी शतकभर टिकली, नंतर संपली. माझ्या मते तिचा पराभव पंतोजींनी केला नाही, सरकारनेही एकट्याने केला नाही. खिळे पाडणाऱ्यांनी तिच्यावर पैसे आणि वर्षं खर्च केली नाहीत, म्हणून ती गेली.

बाळबोधीला मात्र माणसं मिळाली. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम आणि जीवन वल्लभ यांनी देवनागरीचे खिळे सुधारले. तिथलं काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभा केला. १८३१ मध्ये त्यांनी शिळाछापावर पंचांग काढलं, नंतर खिळेही स्वतःच तयार केले. त्याच मिशनच्या छापखान्यात लहान वयात टाईप घासण्याच्या कामाला लागलेला एक मुलगा म्हणजे जावजी दादाजी. त्यांनी १८६४ मध्ये टाईप ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या अक्षरांचं नाव देशभर झालं. ते पोलादी पंचावर कोरणारे कारागीर राणोजी आरू. आज निर्णयसागरचं नाव घेणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना आरू माहीत असतील?

इथं शिक्षणाचा मुद्दा येतो. पंच कोरायचा म्हणजे बोटाच्या टोकाएवढ्या पोलादावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यात ठोकून मातृका करायची आणि मातृकेत शिसं ओतून खिळा काढायचा. या कामाला शाळा नव्हती. कारखान्यात झाडू मारत, घासत, बघत शिकायचं. कारागिराने दाखवलं तर दाखवलं. ज्यांची मुलं त्या कारखान्याच्या दारापर्यंत पोचली त्यांच्या लिपीला खिळे मिळाले, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

उर्दूची वाट वेगळी झाली. कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळात नस्तालीकचे खिळे पाडले गेले, पुढे हैदराबादेतही प्रयत्न झाले. पण वाचकाला ती अक्षरं रुचली नाहीत. तेवढ्यात शिळाछाप आला. बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली ही युक्ती: चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईचा मजकूर उतरवायचा आणि त्यावरून छापायचं. कातिबाने जसं लिहिलं तसंच वाचकाच्या हाती. नस्तालीकला तोडमोड सोसावी लागली नाही. लखनऊचा नवल किशोर छापखाना (स्थापना १८५८) याच जोरावर मोठा झाला. मुंबईही शिळाछापाच्या फारसी-उर्दू पुस्तकांची मोठी पेठ बनली.

उर्दूने आपलं वळण वाचवलं, पण त्याची किंमतही मोजली. मराठी वृत्तपत्रात जुळारी खिळे जुळवत होता, तेव्हा उर्दू दैनिकाच्या कचेरीत कातिबांची रांग मान खाली घालून रोजचा अंक हाताने लिहीत होती. बातमी उशिरा आली तरी लिहायला हातच. चूक झाली तर खरवडायचं. हे एकोणिसाव्या शतकातलं नाही, १९८० पर्यंतचं सांगतो आहे. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचं ‘नूरी नस्तालीक’ मोनोटाईप कंपनीच्या यंत्रावर आलं आणि पाकिस्तानच्या ‘जंग’ने ते वापरलं. त्यासाठी अक्षरांचे सुमारे २०,००० जोड हाताने लिहून यंत्रात भरले होते. अक्षरं कशी जोडायची हे यंत्राला शिकवणं जमलं नाही, म्हणून जोडच्या जोड पाठ करून घेतले. आपल्याकडे शिक्षणातही हा उपाय फार लोकप्रिय आहे. १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेल्या ‘इनपेज’ने हे नस्तालीक साध्या कॉम्प्युटरवर आणलं आणि कातिबांच्या बैठका हळूहळू रिकाम्या झाल्या. हा हुनर ज्यांच्याकडे होता त्यांना कॉम्प्युटरवरची अक्षरं घडवायला कुणी बोलावलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. फारसं कुणी बोलावलं नाही.

देवनागरीच्या बाजूला तेव्हा र. कृ. जोशी होते. सुलेखनकार, कवी, पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले प्राध्यापक. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं जो ‘मंगल’ फाँट वापरला तो त्यांचा. मंगलला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मीही ठेवतो. पण युनिकोडमधली मराठी सरकारी कचेरीपासून सायबर कॅफेपर्यंत सगळीकडे उमटली ती आधी त्याच्यामुळे. पुढच्या पिढीत मुंबईच्या ‘एक टाईप’ या गटाने ‘मुक्ता’, ‘मोदक’, ‘बालू’ असे फाँट करून फुकट खुले केले. बालूच्या कुटुंबात भारतीय लिप्यांची भावंडं आहेत आणि उर्दूच्या भावाचं नाव ‘बालू भाईजान’. नाव ठेवणाऱ्याला सलाम. मात्र भाईजान नस्तालीकमध्ये बोलत नाहीत, एवढी तक्रार आहेच.

आता दार उघडलं आहे ते इथं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात टाईपफेस डिझाईनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९९ पासून आहे, पण तिथं जाणं माझ्यासारख्याच्या पगाराला झेपणारं नाही. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘डी-सोर्स’वर अक्षरकलेचे धडे मोफत आहेत. ‘फाँटफोर्ज’ हे अक्षरं घडवायचं सॉफ्टवेअरही मोफत आहे. शिवाय ऑनलाईन वर्ग आहेत. शाळा सुटल्यावर रात्री लॅपटॉप उघडायचा, पावसाळ्यात ब्रह्मगिरीवर ढग उतरले की नेट जातं, तेवढं सोसायचं.

वर्ग सुरू होतो तो इंग्रजीच्या ‘एन’ आणि ‘ओ’पासून. ही दोन अक्षरं नीट बसली की बाकीची त्यांच्यातून निघतात, असा त्यामागचा विचार. मला हे ऐकून हसू आलं, कारण आमच्या पहिलीच्या बाई हेच करतात. त्या कुठे अ-आ-इ पासून लिहायला शिकवतात? त्या ग, म, भ, न घेतात. मग व, ब, क. एका आकारातून दुसरा. उर्दूच्या वर्गात बे, पे, ते, टे, से ही एकच नाव आहे, नुक्त्यांची अदलाबदल तेवढी करायची. म्हणजे बीएडला पाठ टाचणात जे लिहिलं, तेच इथं डिझाईन म्हणून परत भेटतं. ‘व’चं पोट एकदा ठरलं की ‘ब’ आणि ‘क’ला तेच द्यायचं, नाहीतर ओळ डोळ्यांना टोचते.

त्यानंतर खरं काम सुरू होतं. शिरोरेषा दोन अक्षरांच्या सांध्यावर तुटता कामा नये, म्हणून ती प्रत्येक अक्षराच्या कडेबाहेर किंचित वाढवायची. ‘कि’ची वेलांटी आणि ‘क्ति’ची वेलांटी सारख्या लांबीची चालत नाही. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श वेगळे काढायचे. २०२२ च्या शासननिर्णयानेही शाळांसाठी हीच रूपं सांगितली आहेत. नस्तालीकचं माप तर नुक्त्याने घ्यायचं: कलम एकदा टेकवून उमटलेला चौकोन हा एकक, अलिफ तीन नुक्त्यांचा. खुशनवीस उस्ताद मश्क करून घेत तेव्हाही हेच माप होतं. अक्षरांची जोडणी आता पाठ करून घ्यावी लागत नाही, नियम लिहून सांगता येते. मोबाईलमध्ये हे नियम पाळणारं जे सॉफ्टवेअर असतं त्याला जग ‘हार्फबझ’ म्हणतं. तो शब्द मुळात फारसी, ‘हर्फ’ आणि ‘बाज’, म्हणजे खुलं अक्षर. ते लिहिणारा माणूस इराणी. वर्गात हे मी सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांना नवीन होतं.

ऑनलाईन वर्गात उस्तादाचा हात मिळत नाही, ही उणीव खरी आहे. कलम बोटांत किती सैल धरायचं हे पडद्यावरून कळत नाही. त्यासाठी मी बोरू घेऊन वेगळा बसतो. पण राणोजी आरूंच्या कारखान्यात किंवा कातिबांच्या बैठकीत ज्यांना शिरकाव मिळाला नसता अशा मुली माझ्या वर्गात आहेत. काहींनी पोर मांडीवर घेऊन धडे केले आहेत. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, तेव्हा शिशाच्या काळात तिच्यासाठी जे झालं नाही ते आता एखादी मुलगी घरी बसून करू शकते. फाँट विकून पोट भरेल का, हा प्रश्न वेगळा. मोफत फाँटच्या काळात त्याचं उत्तर फारसं आशादायक नाही.

सध्या मी ‘बच्चे’ या शब्दावर अडलो आहे. सरावपत्रिकेत वर उर्दू ‘बच्चे’ आणि खाली मराठी ‘मुले’. उर्दू शब्दाच्या शेवटी बडी ये येते, तिची शेपटी मागे वळून अक्षरांच्या खालून जाते. नेमके तिथंच बेचा एक आणि चेचे तीन नुक्ते लटकलेले. शेपटीच्या वर ठेवले तर ते एकमेकांना चिकटतात, खाली उतरवले तर ‘मुले’च्या मात्रेवर जाऊन बसतात. शेपटी थोडी खाली ओढून, मराठीची ओळ अर्ध्या नुक्त्याने खाली नेऊन पाहतो आहे. रविवारी वर्ग आहे, तोवर एवढं करून न्यायचं आहे.