पोर्सेलिन व्हिनियर
पोर्सेलिन व्हिनियर हे पुढच्या दातांच्या दर्शनी बाजूवर चिकटवले जाणारे सिरॅमिकचे पातळ कवच होय. डागाळलेले, झिजलेले, टवका उडालेले किंवा मध्ये फट असलेले पटाशीचे दात आणि सुळे पूर्ववत दिसावेत, यासाठी त्याचा वापर होतो. त्याची जाडी साधारणतः ०.३ ते ०.७ मिमी असते. कॅप बसवण्यासाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो. व्हिनियरसाठी बहुधा समोरचा पातळ थर व क्वचित दाताची कड काढली जाते.

इतिहास

हॉलिवूडमधील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी १९३०च्या सुमारास चित्रपट कलावंतांसाठी अशी कवचे तयार केली. ती कवळीच्या चिकट भुकटीने तात्पुरती बसवली जात व चित्रीकरणानंतर काढून ठेवावी लागत. त्यांनी जेवण करणे शक्य नव्हते. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली फॉस्फोरिक आम्लाने दंतवल्क, म्हणजेच इनॅमल, खरखरीत केल्यास त्यावर रेझिन घट्ट धरते हे दाखवले. १९८०च्या दशकाच्या आरंभी पोर्सेलिनची आतली बाजूही हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरून घेण्याची पद्धत रूढ झाली आणि आजचे व्हिनियर अस्तित्वात आले.

टिकाऊपणा

सुटे पोर्सेलिन ठिसूळ असते. हाताळताना बोटांच्या दाबानेही ते तडकू शकते. आम्लाने कोरलेले पोर्सेलिन, त्यावरील सिलेनचा लेप, रेझिन सिमेंट आणि दंतवल्क यांची जोडणी झाली की मात्र चावण्याचा ताण खालच्या दाताकडे जातो व कवच तग धरते. म्हणून व्हिनियरचे आयुष्य पोर्सेलिनपेक्षाही खाली किती दंतवल्क शिल्लक आहे, यावर अधिक ठरते. दंतवल्काखालील डेंटिन ओलसर, सूक्ष्म नलिकांनी भरलेले व अधिक लवचीक असल्याने त्यावरील पकड तितकी भरवशाची नसते. हिरडीजवळ दंतवल्क मुळातच पातळ असते. तेथे थोडेसे जास्त घासले तरी डेंटिन उघडे पडते.

ऑस्ट्रेलियातील लेटन व वॉल्टन यांच्या २०१२च्या अभ्यासात बहुतांश दंतवल्क शाबूत असलेल्या दातांवरील फेल्डस्पारयुक्त व्हिनियरपैकी १० वर्षांनी ९६ टक्के, तर २० वर्षांनी ९१ टक्के टिकल्याचा अंदाज निघाला. इन्सब्रुक येथील बायर व सहकाऱ्यांना त्याच वर्षी २० वर्षांसाठी सुमारे ८३ टक्के हे प्रमाण आढळले. झोपेत दात खाणाऱ्यांमध्ये अपयश लक्षणीयरीत्या जास्त होते.

हे आकडे वाचताना ‘टिकणे’ या शब्दाचा अर्थ तपासणे आवश्यक ठरते. बेल्जियममधील पोमान्स व सहकाऱ्यांच्या २००४च्या अहवालात कोणत्याही दुरुस्तीविना समाधानकारक राहिलेल्या व्हिनियरचे प्रमाण ५ वर्षांनी ९२ टक्के, पण १० वर्षांनी ६४ टक्केच होते. तरीही पूर्णपणे बदलावी लागणारी व्हिनियर केवळ ४ टक्के होती. उरलेल्यांचे दोष, म्हणजे मुख्यतः कडेच्या फटी आणि लहान टवके, दुरुस्त होण्याजोगे होते. केवळ ‘जागेवर आहे’ एवढेच मोजल्यास चित्र अधिक उजळ दिसते.

अपयशाची सर्वांत सामान्य कारणे म्हणजे तडा वा तुकडा उडणे, कवच निघून येणे, कडेला डाग पडणे आणि दात किडणे. पोर्सेलिनला कीड लागत नाही. ती लागते कवचाच्या कडेच्या दाताला. त्यामुळे हिरडीलगतची स्वच्छता महत्त्वाची असते. दात खाण्याची सवय असल्यास रात्री वापरण्याचे संरक्षक साधन दिले जाते.

फ्लोरोसिसचे डाग झाकण्यासाठीही व्हिनियर वापरतात. महाराष्ट्रात यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत पाण्यातील फ्लोराइडमुळे हा विकार आढळतो. अशा दंतवल्काचा बाह्य थर आम्लाला दाद देत नसल्याने तो आधी किंचित घासावा लागतो.

एकदा काढलेले दंतवल्क पुन्हा तयार होत नाही. जुने व्हिनियर काढताना त्याचा आणखी थोडा भाग जाण्याची शक्यता असते, त्यामुळे दुसऱ्या खेपेस चिकटवण्यासाठी पहिल्यापेक्षा कमी दंतवल्क उरते. तरुण वयात, विशेषतः केवळ दिसण्यासाठी, व्हिनियर बसवताना हा मुद्दा निर्णायक ठरतो.